भाकरी तुला येतच नव्हती, मोठीमाय

मोठीमाय, तू गेल्यावरचं तुझं पुण्यानुमोदन काल झालं. विहारासमोर मांडव होता, भाड्याच्या खुर्च्या होत्या, गार पाण्याचे जार होते, आणि एकामागून एक माणसं माइकवर येऊन तुझ्या भाकरीबद्दल बोलत होती. पंचफुलाबाईंच्या हातच्या भाकरीवर आपली चळवळ उभी राहिली म्हणे. मिरवणुकीच्या त्या दिवसांत कार्यकर्त्यांना उपाशी राहू दिलं नाही म्हणे. एका तरुण नगरसेवकाला तर त्या भाकरीची चव आठवून गहिवरून आलं. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

पहिल्या रांगेत बसून मी कपाळाला हात लावला. तुझी भाकरी! परातीतून तव्यावर जाईपर्यंत जिचे दोन तुकडे व्हायचे, ती? मोठेबाबा आयुष्यभर स्वतः थापायला का बसले, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. नवऱ्यानं चुलीपुढं बसायचं आणि तू दारात बाजेवर बसून बायांशी बोलत राहायचीस, यावरून आपल्या घराची किती थट्टा झाली. तुला जर हे ऐकू आलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. मलाही आधी हसूच आलं. मग ते कधी रडण्यात गेलं ते कळलं नाही, आणि शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, मलाही भाकरी आठवली.

आठवड्यापूर्वी तू गेलीस तेव्हा मी पोटभर रडले. आईच्या माघारी तूच मला वाढवलंस, आईची मोठी बहीण म्हणून मोठीमाय, आणि नंतर नुसती माय. पण कालपासून डोळ्यांत पाणी नाही, संताप आहे. आणि आधीच सांगून ठेवते, तो समितीवाल्यांवर कमी आहे आणि तुझ्यावर जास्त आहे.

तू म्हणशील, मले माहीत हाय ते मलेच कायले सांगतं? सांगते, कारण काल मांडवात ते कोणी सांगितलं नाही. निदान तुझ्यासमोर तरी एकदा पूर्ण म्हणू दे.

तू जिनवर होतीस. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या रेच्यांवर बाया जोडीनं काम करायच्या. एकीनं गंजीवरून कापूस आणून टाकायचा, दुसरीनं तो रेच्यात भरत राहायचा. जोडीतली एक आली नाही की दुसरीचाही दिवस बुडायचा. पूर्वी या जोड्या मोहल्ल्यांप्रमाणे लागायच्या. आपल्या वस्तीच्या बाया एका बाजूला, बाकीच्या गावाच्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पाण्याचे दोन माठ. लाल झेंड्याच्या युनियनमध्ये तू होतीस, मजुरीसाठी भांडायचीस, पण ते भांडणही दोन्हीकडच्या बाया वेगवेगळ्या उभ्या राहून भांडायच्या. हे तुला खुपायचं.

मग तू मुकादमाला गाठलंस. तो सारखा कुरकुरायचा, की एका मोहल्ल्याच्या बाया जवळ आल्या का नुसत्या गप्पा मारून राह्यल्या. तू अगदी त्याच्या भल्याचं बोलल्यासारखं तोंड करून म्हणालीस, "मंग जोड्या फोडा ना मुकादम. आमच्यातली एक, त्यायच्यातली एक. एकमेकीसंगं बोलनारच नाईत. गुमान काम करतीन." मुकादमाला ते इतकं पटलं की पुढच्या सोमवारपासून त्यानं सगळ्या जोड्या मिसळून टाकल्या, आणि मालकाला ती स्वतःचीच अक्कल म्हणून सांगितली. ही गोष्ट तू मला कितीदा सांगितलीस, आणि दर वेळी मुकादमाचा आवाज काढायचीस.

तुझ्या वाट्याला यमुनाकाकू आली. जवळच्या खेड्यातून पायी यायची, कुणब्यांची सून. पहिले कितीतरी दिवस तिनं तुझ्याकडे पाठ करून काम केलं. तिचा लोटा वेगळा, तुझा वेगळा. मग उन्हाळ्यात एकदा रुईच्या भुरक्यानं तिला भोवळ आली आणि तू तिचं डोकं मांडीवर घेऊन आपल्या माठातलं पाणी तिच्या तोंडात घातलंस. डोळे उघडल्यावर ती पहिलं काय म्हणाली, तर "कोनाले सांगजो नको." तू म्हणालीस, "सांगू कायले? तहान का माही होती?" तेव्हापासून तुम्ही बोलायला लागलात. आणि तुम्ही बोलता हे पाहून बाकीच्या जोड्याही बोलायला लागल्या. सासूचं, पोटातल्या गेलेल्या लेकरांचं, पोरीच्या शाळेचं. मुकादम बिचारा जिनभर ओरडत फिरायचा.

आणि मग ते जयंतीचं आलं. आपली मिरवणूक वर्षानुवर्षं मागून, नाल्याकाठच्या चिखलातून जायची. त्या वर्षी वस्तीनं ठरवलं की बाजाराच्या रस्त्यानं जायचं. व्यापारी आणि गावातली बडी माणसं हात जोडून, गोड बोलून, नाही म्हणाली. पहिल्यापासून जिकडून जाते तिकडून जाऊ द्या. सरांनी चौकात भाषण केलं. सर आपल्या वस्तीतले पहिले शिकलेले, माध्यमिक शाळेवर शिक्षक. भाषण चांगलंच झालं असणार, त्यांची भाषणं चांगलीच असायची. मलाही पुस्तकं त्यांनीच दिली, ते मी विसरले नाही. पण त्या भाषणानं बाजारातल्या एका माणसाचं मन हललं नव्हतं.

तू म्हणालीस, उद्यापासून आपल्या बाया जिनवर जाणार नाहीत. सर म्हणाले, त्यानं काय होणार, उरलेल्या बायांवर जिन चालेल. तू म्हणालीस, "चालू द्या."

नाही चाललं. आपल्या बाया घरी राहिल्या, आणि प्रत्येक रेच्यापुढं जोडीतली एकच उरली. मुकादम उरलेल्या बायांच्या नव्या जोड्या लावायला आला, तर यमुनाकाकू फाटकातल्या निंबाखाली जाऊन बसली. "माही जोडीदारीण येऊ द्या, मंग पाहू." तिच्यामागं दुसरी बसली, मग तिसरी. त्यांच्यात तेलीण होती, गोंडीण होती, एक मुसलमान बाई होती. कोणाचंही त्या मिरवणुकीशी देणंघेणं नव्हतं. इकडे हंगामाची अखेर, कापसाच्या गंज्या उघड्यावर, ठिणगीची भीती. आणि कापूस भरलेल्या बंड्या जिनपासून थेट बाजाराच्या रस्त्यापर्यंत अडकलेल्या. बैल तहानेले, शेतकरी तापलेले. ते शेवटी व्यापाऱ्यांच्याच अंगावर गेले, की बाप्पा, जाऊ द्या त्यायची मिरवणूक, आमचा कापूस खाली होऊ द्या. त्या वर्षी मिरवणूक बाजारातून गेली. मी तुझं बोट धरून त्यात चालले होते.

हे घडवलं तू. घोषणा देऊन नाही, कोणाच्या घरासमोर ओरडून नाही. दोन हंगाम आधी मुकादमाला एक गोष्ट पटवून आणि मग रोज बायांशी बोलून. मला आजही कोणी चळवळ कशी उभी राहते असं विचारलं तर मला तो माठ दिसतो आणि मुकादमाचं ते खूश झालेलं तोंड दिसतं.

पण लाल आणि निळ्या, दोन्ही झेंड्यांना ते दिसलं नाही. युनियनवाले वर्ध्याहून आले आणि तुलाच बोलले, की हा जातीचा प्रश्न, मजुरीचा नाही, संप असा वाया घालवायचा नसतो. त्यांच्या इतिहासात तुमचं ते बसणं आलंच नाही. आणि आपल्या लोकांनी ते सरांच्या भाषणाच्या नावावर लावलं. आता विहाराच्या नव्या सभागृहात चळवळीची भिंत केली आहे. त्यावर सर आहेत, हात वर केलेले, आणि खाली लिहिलंय की त्यांच्या ओजस्वी भाषणानं व्यापाऱ्यांचं मन बदललं. कोपऱ्यात तुझ्यासाठी जागा ठेवली आहे. भाकरी देणारी माउली.

यावरून आपण किती भांडलो. मी आर्वीच्या एसटी आगारातून सुटीच्या दिवशी यायची आणि चहा होण्याआधीच सुरू व्हायची. तू बोलत का नाहीस? एकदा उठून सांगत का नाहीस? तू आधी ऐकू न आल्यासारखं करायचीस. मग म्हणायचीस, "पोहे घे." मग, "तुही एसटी चुकंन." एकदा मी फारच लावून धरलं तर तू चिडलीस, "मिरवनूक गेली ना? मंग? कोनाच्या नावानं गेली ते पाहून का रस्ता मोठा होते?"  मला वाटलं, बाई किती मोठ्या मनाची. परतीच्या गाडीत तुझ्या मोठेपणानं माझा ऊर भरून आला होता. इतका राग येतो आता त्या आठवणीचा.

कारण मीही तुझ्याच शिकवणीवर जगले, मोठीमाय. आगारात बाया कंडक्टरांना बसायला खोली नव्हती, बाथरूम नव्हतं. आम्ही तक्रारी करून थकलो. तू म्हणालीस, जिच्याशी बोलत नाईस तिच्याच पाळीत ड्युटी माग. मी मागितली. आमच्यात कशावरून अबोला होता ते आता मलाही आठवत नाही, पण ती बाई पुढं सगळ्या आगाराशी भांडली आणि खोली झाली. त्या खोलीत मी कितीदा पाठ टेकली, आणि दर वेळी मनात तुझं नाव घेतलं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पोहे घे.

काल माझी पाळी आली तेव्हा मी हे सगळं माइकवर सांगितलं. माठ, मुकादम, निंबाखाली बसलेल्या बाया. कोणी अडवलं नाही. माइक बंद केला नाही. लोकांनी ऐकलं, काही म्हाताऱ्या बायांनी माना हलवल्या, टाळ्याही झाल्या. मी खाली बसले, आणि सूत्रसंचालन करणारा पोरगा उठून म्हणाला, "सुजाताताईंनी फार हृदयस्पर्शी आठवणी सांगितल्या. खरोखर, त्या काळात उपाशीपोटी लढणाऱ्यांना भाकरी देणारी अशी माय होती, म्हणूनच..." पुढचं मी ऐकलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला मांडवाच्या खांबाशी धरलं. मी आत्ता काय सांगितलं ते तुला कळलं का, असं विचारलं. पोरगा बिचारा गांगरला. वाईट नाही तो. म्हणाला, "ताई, पण भाकरीचं आमी बनवलं नाई ना. भिंतीच्या वेळी आमी आजीच्याच घरी गेलतो. विचारलं, आजी, मिरवनुकीत तुमचं काम काय होतं? आजीच म्हनल्या, भाकरी केल्या."

मी त्याचा हात सोडला. तो दोनदा "जयभीम ताई" म्हणाला आणि खुर्च्या गोळा करायला गेला.

तूच. मी इतकी वर्षं समजत होते की तुझं काम कोणी चोरलं. तू ते दारात बसून देऊन टाकलंस, आणि त्या बदल्यात मागून काय घेतलंस, तर भाकरी. निदान दुसरं काही तरी म्हणायचंस!

यमुनाकाकू शेवटच्या रांगेत होती. आता तळेगावला मुलाकडे असते. गुडघे गेलेत, तरी दोन गाड्या बदलून आली होती. मांडवात तिला कोणी ओळखलं नाही, कोणी बोलायला बोलावलं नाही. मी तिला स्टँडवर सोडायला निघाले आणि वाटेत माझं तोंड सुटलं. मोठीमायनं असं का केलं, काकू? तुला माहीत आहे का?

ती थांबली. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "माहीत हाय. मी तिथंच होती."

मिरवणुकीनंतर काही दिवसांनी ती तुझ्याकडे आली होती, मागच्या दारानं. अंगणात सर बसले होते. ती आतच थांबली आणि तिनं सगळं ऐकलं. सर तुला समजावत होते. पंचफुलाबाई, हा विजय आपल्या समाजाच्या हिमतीचा आहे. उद्या लोक म्हणतील की दुसऱ्यांच्या बायांनी मिळवून दिला, नाहीतर लाल झेंड्यानं. जिनचं कुठं बोलू नका. समाजासाठी शब्द द्या. आणि तू दिलास. काकू म्हणाली, "मले वाटलं, थे म्हनंन, सर, यमुनी बसली होती ना. थे फक्त 'बरं' म्हनली."

जिनमालकाला तोंडावर बोलणारी तू. युनियनच्या पुढाऱ्याला "तुमी वर्ध्याले जा, मी पाहून घेईन" म्हणणारी तू. मुकादमाला बोटावर नाचवणारी तू. आपल्या माणसानं एकदा समाजाचं नाव घेतलं, तर "बरं"?

मग काकूनं ते सांगितलं, जे तू मला कधीच सांगितलं नाहीस. त्या निंबाखाली बसण्यापायी तिच्या सासऱ्यानं तिला दारातून आत घेतलं नाही. दुसऱ्यायच्या मिरवनुकीसाठी बसली ना, आता त्यायच्यातच जा. अख्खा उन्हाळा ती भावाच्या घरी राहिली, आणि तिची लहान पोरगी इकडे सासरी रडत राहिली. नवरा न्यायला आला तेव्हाही तिनं माफी मागितली नाही. पुढं सासरा गेला, नवरा गेला, कोणाची भीती उरली नाही. तेव्हा ती तुझ्याकडे आली आणि म्हणाली, पंचफुला, आता तरी सांग ना वं. आणि तू म्हणालीस, "आपल्याच मान्सायले खोटं कसं पाडू?"

मोठीमाय, यमुनाकाकू तुझी कोण होती?

तुझं नाव तुझं होतं. ते तू सरांना दिलंस, समाजाला दिलंस, भिंतीवरच्या कोपऱ्याला दिलंस, मी कुढत का होईना, गिळलं असतं. तिचं तू कसं दिलंस? त्या तेलणीचं, गोंडणीचं, त्या मुसलमान बाईचं? त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवून घरादाराचा रोष घेतला. तुझ्यापाशी नसती तर त्यांची गोष्ट कोणापाशी राहणार होती? त्यांच्या घरात ती लाजेची होती आणि आपल्या घरात ती अडचणीची झाली. तू गप्प बसलीस, ते मोठं मन नव्हतं. मी परतीच्या गाडीत बसून ज्याचा अभिमान करत होते, ते हे होतं.

आणि तरी, बघ ना, हे लिहिताना मला तुझा हात आठवतो. मला ताप आला की रुईच्या कणांनी खरखरीत झालेला तो हात माझ्या कपाळावर फिरायचा, आणि झोप लागायची. तुझ्यावर एवढी रागावलेय आणि रागावून जायला मला तुझंच घर आहे. दाराला कुलूप मीच लावून आले.

स्टँडवर गाडी लागली होती. यमुनाकाकूला मी म्हटलं, मी भांडते समितीशी, तुझाही फोटो लावायला लावते. तिनं नाही म्हणून मान हलवली. "मले फोटो नको पोरी. तिथं लिवलं हाय ना, व्यापाऱ्यायचं मन बदललं, तेवढं खोडाले सांग. मन कोनाचंच नाई बदललं. आमी बसलो होतो." मग कंडक्टरच्या हाताला धरून ती वर चढली, आणि खिडकीतून मला म्हणाली की घरी जा, काही खाल्लं नाहीस सकाळपासून.

आज सकाळी मी समितीच्या अध्यक्षांकडे जाऊन आले. त्यांनी चहा दिला. म्हणाले, भिंत झाली आता, रंग वाळला, आणि सरांच्या घरच्यांना काय वाटेल? मग आवाज खाली आणून म्हणाले, सुजाता, स्वतः पंचफुलाबाईंनी सरांना शब्द दिला होता, तू तो मोडणार का? म्हणजे त्यांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, मोठीमाय. एकट्या मलाच नव्हतं.

येत्या जयंतीला मी तळेगावहून यमुनाकाकूला घेऊन येणार आहे. आणखी कोण हयात आहेत त्यांना शोधणार आहे, कोण नाहीत त्यांच्या लेकीसुना शोधणार आहे. मिरवणूक सभागृहासमोर येईल तेव्हा आम्ही त्या भिंतीखाली बसलेल्या असू, आणि ती ओळ खोडल्याशिवाय उठणार नाही. तुला आवडणार नाही, मला माहीत आहे. लोक म्हणतील, मावशीची राख थंड झाली नाही तोच पोरीनं तिचा शब्द मोडला. म्हणू देत. तो शब्द तू दिला होतास. मी कोणाला काहीही दिलेलं नाही.